मागच्याचा शब्द

ओझं गावाबाहेर येऊन थांबलं तेव्हा उन्हाळा ऐन भरात होता. ओझं म्हणजे वीजघराचा ट्रान्सफॉर्मर. घराएवढा लोखंडी ठोकळा, ताडपत्रीत गुंडाळलेला आणि साखळ्यांनी करकचून आवळलेला. त्याच्याखाली लांबलचक ट्रेलर. त्याला इतकी चाकं की गावातली पोरं मोजायला बसली आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा आला म्हणून भांडून उठली. ट्रेलरच्या पुढे ओढणारा ट्रक, आणि ट्रकच्या दारातून खाली उतरणारा, पाठ धरून सरळ होणारा माणूस याच गावचा. सगळे त्याला उस्ताद म्हणत. बायको तेवढी 'अहो' म्हणायची.

"साऱ्या मुलखाची वळणं घेऊन आलो," तो टोपीने घाम पुसत म्हणाला, "आता माझ्याच दारातलं राहिलंय."

ते खोटं नव्हतं. गावाला वळसा घालून जाणाऱ्या रस्त्यावरच्या पुलाला तडा गेला होता, त्यामुळे ओझं गावातूनच न्यावं लागणार होतं. गावातला रस्ता तसा सरळ. फक्त बाजार संपतो तिथे तो एकदम डावीकडे मोडतो. त्या मोडीवर एका हाताला दगडी हौद, दुसऱ्या हाताला उस्तादचं घर. हौदाचा काठ आतून पोकळ झालेला, त्याच्यावर चाक गेलं असतं तर ओझं पाण्यात. म्हणजे जे काही सरकायचं ते घराच्या बाजूनेच.

या कामाची एक गंमत आहे. ओझं इतकं लांब असतं की वळणावर ट्रक एका गल्लीत असतो आणि शेपूट दुसऱ्या. मागची चाकं आपोआप पुढच्यांच्या मागे येत नाहीत, ती हाताने फिरवावी लागतात. त्यासाठी एक माणूस शेपटाजवळून चालतो. त्याच्या गळ्यात पट्ट्याने लटकवलेला डबा, डब्यावर दांडा, तोंडात शिटी. दांडा जिकडे, चाकं तिकडे. दोन तुटक शिट्या म्हणजे चल. एक लांब शिटी म्हणजे थांब. पुढच्याने शिटीवर चालवायचं. एवढंच नाही, वळण यायच्या आधी पुढच्याने दोन्ही बाजूंचे आरसे आत मिटून घ्यायचे. उस्ताद ज्याच्या हाताखाली शिकला त्याने पहिल्याच दिवशी त्याच्या हातावर चापट मारून ते शिकवलं होतं. "तू पण बघणार, मागचा पण बघणार, मग चालवणार कोण?" तेव्हापासून वळणावर आरसा उघडा ठेवणं म्हणजे मागच्याच्या तोंडावर 'तू खोटा' म्हणणं, असं उस्ताद मानत आला होता.

उस्तादच्या मागे त्याचा सख्खा धाकटा भाऊ चालत असे. ट्रकवरची माणसं त्याला थट्टेने 'शेपूट' म्हणत. आई गेली तेव्हा धाकटा इतका लहान होता की झोपेत वहिनीचं बोट धरून ठेवायचा. नव्यानेच लग्न होऊन आलेली ती पोर स्वतःच अजून घराला बिचकत होती, पण त्याला सोडून माहेरी जायचं तिने कधी नाव काढलं नाही. त्याचे शाळेचे सदरे तिने जुन्या चादरीतून बेतले. तिथूनच तिला शिवणाचा नाद लागला, नादाचं काम झालं, आणि कामातून, वीट वीट जमवून, घराच्या पुढच्या अंगाला एक खोली उभी राहिली. खोलीला रस्त्याकडे मोठी खिडकी. खिडकीशी मशीन. सुईत दोरा ओवायला दिवसभर भरपूर उजेड.

ओझं बाहेर उभं राहिलं त्याच दुपारी ते पोचवायचं काम घेतलेला ठेकेदार त्या खोलीत आला. गिऱ्हाइकासाठी ठेवलेल्या खुर्चीत त्याने अंग टाकलं, तशी खुर्ची करकरली. बरोबर काठीवाला होता. तो ओझ्याच्या पुढे जाऊन तारांची उंची आणि रस्त्याची रुंदी मोजायचा. उस्ताद आपल्याच घरात दाराशी उभा राहिला. दुसरी खुर्ची नव्हती.

"हा कोपरा आडवा येतोय," ठेकेदार भिंतीवर टकटक करत म्हणाला. "खोली पाडू. काम झालं की आमची माणसं पुन्हा बांधून देतील. याच्यापेक्षा चांगली."

वहिनीने मशीनवरचा पाय थांबवला नाही. मशीन चालूच. शिवण संपली, दोरा दाताने तोडला, मग ती म्हणाली, "बांधून देणाऱ्यांची माणसं काम झाल्यावर सापडत नाहीत, साहेब."

"म्हणजे माझ्या शब्दावर विश्वास नाही?"

"तुमच्या शब्दाला कुठे नाही म्हणते? माझी भिंत मात्र मला दिसतेय."

काठीवाल्याला हसू आलं, ते त्याने खोकल्यात लपवलं. ठेकेदाराने उस्तादकडे पाहिलं. "तुमच्या घरात कुणाचं चालतं?"

"शिवणाच्या खोलीत तिचं," उस्ताद म्हणाला. "आणि पाडायची गरजच नाही. मी वळवतो. कोपऱ्याला वीतभर जागा राहते."

"वीतभर?"

"मागे माझा भाऊ आहे. त्याला वीत पुष्कळ झाली."

ठेकेदार उठला. कपाटाला अडकवलेला एक अर्धवट सदरा त्याने दोन बोटांनी उचलून पाहिला आणि सोडून दिला. "बघू," म्हणाला.

संध्याकाळी धाकटा जेवायला आला. तो मागच्या अंगाच्या खोलीत राहायचा, पण ताट पुढेच असायचं. वहिनीने त्याला विचारलं, "खरंच वीतभर राहते का रे? का हे आपले मला बरं वाटावं म्हणून बोलले?"

"राहते," धाकटा ताटात बघत म्हणाला.

"माझ्याकडे बघून सांग."

त्याने वर पाहिलं. "राहते, वहिनी. काठीवाल्यालाही विचार."

"मला काठीवाला काय सांगतो? चालणार तू आहेस."

"मग झालं तर," उस्ताद म्हणाला आणि तिने आणखी थोडं वाढून घेण्याचा आग्रह केला तेव्हा, पोट भरलेलं असूनही, त्याने ताट पुढे केलं.

पुढचे दिवस मरणाच्या राबण्यात गेले. डांबर दुपारी इतकं मऊ व्हायचं की चपला चिकटून बसायच्या. त्यामुळे ओझं हलवायचं ते सकाळीच, आणि त्याच्या आधी रस्ता तयार हवा. गटारात वाळूची पोती भरली. पोत्यांवर लोखंडी पत्रे टाकले. पत्रा उचलायला आठजण लागत, आणि उन्हात तापलेला पत्रा हातात ओलं फडकं घेतल्याशिवाय धरता येत नसे. तरी धाकट्याच्या तळव्याला फोड आला. वहिनीने तो सुईने फोडला, वर चिंधी बांधली. वायरमनने तारा उचलून बांधल्या. रस्त्यावर वाकलेल्या फांद्या तोडताना हौदावरचा म्हातारा शेजारी उगाचच सगळ्यांना शिव्या देत होता. मग त्यानेच सगळ्यांना पाणी पाजलं.

"उस्ताद," म्हातारा म्हणाला, "घर चाटून गेलं तरी चालेल, माझा हौद तेवढा सांभाळ."

"दोन्ही सांभाळतो, काका."

"दोन्ही सांभाळणारे मी फार पाहिले," म्हातारा म्हणाला आणि तांब्या घेऊन आत गेला.

दोघा भावांनी दोरी घेऊन वळण चालून पाहिलं. उस्ताद पुढचं टोक धरून ट्रक झाला, धाकटा मागचं टोक धरून शेपूट झाला. मधे दोरी ताणलेली. उस्ताद हळूहळू मोडीवर वळला, धाकटा आधी उजवीकडे बाहेर गेला, मग पावलं आखडत आत आला. दोरी कोपऱ्याजवळून सरकली, तिने भिंतीला स्पर्श केला नाही. खिडकीतून वहिनी बघत होती. ती हसली आणि तिने खिडकीबाहेर हात काढून दोरी आणि भिंत यांच्यामधे वीत टाकून दाखवली. गल्लीतल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या.

त्याच दुपारी ठेकेदाराने उस्तादला सगळ्यांसमोर हाक मारली. माणसं सावलीत चहा पीत बसली होती.

"उस्ताद, त्या लांबच्या दुकानावरची पाटी वाचा बघू."

उस्तादला कळेना. "कशाला?"

"वाचा हो. खालची बारीक ओळ."

त्याने डोळे बारीक केले. पाटीवरची मोठी अक्षरं त्याने वाचली. खालच्या ओळीशी तो अडखळला, एक शब्द गाळला, मग पुन्हा पहिल्यापासून वाचायला लागला. कुणीतरी फिसकन हसलं. ठेकेदाराने "बरं, बरं" म्हणत हात हलवला, शाळेत मास्तर ढ पोराला खाली बसवतो तसा. उस्तादच्या कानाच्या पाळ्या तापल्या. त्याने धाकट्याकडे पाहिलं. वाटलं, हा तरी म्हणेल, की ओढायला पाटी वाचावी लागत नाही. धाकटा बुटाची नाडी बांधत होता. ती आधीच बांधलेली होती.

मग ठेकेदार धाकट्याला आपल्या जीपमधे बसवून कुठेतरी घेऊन गेला. परत आला तेव्हा दिवस कलला होता.

"काय म्हणत होता?" उस्तादने विचारलं.

"पुढच्या कामाचं. याच्या मागून आणखी दोन ओझी येणारेत. याच्याहून रुंद."

"याच रस्त्याने?"

"याच."

"मग त्या दोन्हींचं त्या वेळी बघू," उस्ताद म्हणाला. त्याला त्या बोलण्यात काही वावगं दिसलं नाही. धाकट्याच्या अंगाला चांगल्या साबणाचा वास येत होता, एवढं मात्र लक्षात राहिलं. कुठल्यातरी हॉटेलात हात धुतले असतील.

वळणाच्या दिवशी उस्ताद उजाडायच्या आत ट्रकवर गेला. त्याने सांध्यांना वंगण घातलं, साखळ्या एक एक करून हाताने ओढून पाहिल्या, चाकांवर थापा मारून हवा पाहिली. ऊन तापायच्या आत ओझं बाजारात शिरलं. दुकानं बंद, ओटे माणसांनी गच्च. मोडीवरची घरं रिकामी करून सगळ्यांना हौदापलीकडे उभं केलं होतं. त्या घोळक्यात वहिनी होती. उस्तादने केबिनमधून तिला पाहिलं. तिने डोक्यावर ऊन नको म्हणून कुणाचातरी न शिवलेला कापडाचा तुकडा धरला होता.

मोडीच्या तोंडाशी त्याने गाडी थांबवली. काच खाली केली. डावा आरसा मिटला, उजवा मिटला.

मागून दोन तुटक शिट्या आल्या. चल.

ट्रक सरकला. मुंगी चालावी तसा. सीट थरथरत होती, मागचं सगळं वजन कमरेत येऊन बसलं होतं. उस्तादने चाक पूर्ण डावीकडे घातलं. हौद काचेसमोरून सरकला, माणसं सरकली, मग समोर पुढचा सरळ रस्ता आला. दोन शिट्या. चल. आता ओझं मधोमध मोडीत. आता मागचा बाहेर जाणार, मग आत येणार. दोरी धरून चालले होते तसंच. दोन शिट्या.

तेवढ्यात त्याच्या उजव्या पायाला काहीतरी कळलं. गाडी किंचित जड झाली. चढ नसताना चढ लागावा तशी. इतकी वर्षं पायाखाली असलेलं ते पेडल. त्याने सांगितलं की मागे काहीतरी अडलंय. उस्तादचा पाय उचलला गेला.

दोन शिट्या. चल. स्पष्ट, नेहमीसारख्या.

पाय म्हणत होता थांब, भाऊ म्हणत होता चल. त्याने पाय खाली दाबला.

आवाज फार मोठा आला नाही. बैल पाण्यात बसतो तसा काहीतरी आवाज आला आणि त्यावर घोळक्यातून एकदम एकच ओरड उठली. मग लांब शिटी. थांब.

उस्ताद उतरला तेव्हा मागे लाल धुरळा उभा होता. त्यातून आधी ट्रेलरचा कोपरा दिसला, मग खिडकीची चौकट, ट्रेलरवर आडवी पडलेली. भिंतीचा ढीग झाला होता. छपराचे पत्रे एका बाजूने लोंबकळत होते आणि खोलीच्या आतला निळा रंग रस्त्यावर उघडा पडला होता. धाकटा गळ्यात डबा घेऊन उभा होता. शिटी अजून तोंडातच होती.

"कसं झालं?" उस्तादने विचारलं. आवाज त्याचा त्यालाच लांबून आल्यासारखा वाटला.

"चाकं वेळेवर आली नाहीत, दादा. दांडा अडकला."

उस्तादने त्याच्या छातीवरचा दांडा डावीकडे घातला, उजवीकडे घातला. ट्रेलरखाली चाकं सुरळीत डावीकडे गेली, सुरळीत उजवीकडे आली.

"आता चालतोय," धाकटा म्हणाला.

लोकांनी हळहळायला सुरुवात केली. चूक कुणाकडून होत नाही, जीव वाचले हेच नशीब, असं चाललं होतं. उस्तादलाही तेच वाटत होतं. भावाची चूक झाली, पोराचं तोंड पांढरं पडलंय, आता त्याला सांभाळलं पाहिजे. त्याने त्याच्या खांद्यावर हातही ठेवला. मग तो बायकोला शोधत घराच्या मागच्या अंगाला गेला.

ती मागच्या ओसरीत उभी होती. तिच्यासमोर मशीन होतं. धड, पुसलेलं, वरून चादर घातलेलं. बाजूला शिवायच्या कपड्यांचं गाठोडं, कात्री, दोऱ्यांचा डबा, मोजायची टेप गुंडाळून.

"हे तू आणलंस?" त्याने विचारलं.

"मला उचलतं का ते?" ती म्हणाली. "त्याने आणलं. तुम्ही गेल्यावर लगेच. म्हणाला, धुरळा जाईल आत. मी म्हटलं, अरे चादर टाकते की, कशाला उचलतोस, हाताला फोड आहे. ऐकेना. पार बटणांची बरणीसुद्धा नेली."

बोलता बोलता ती थांबली. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि मग दोघांनीही मशीनकडे पाहिलं. धुरळ्यासाठी कुणी बटणांची बरणी हलवत नाही.

"नाही हो," ती म्हणाली. "तो नाही करणार असं."

तिने ओसरीच्या खांबाला पाठ लावली आणि सावकाश खाली बसली. "सकाळी मी त्याला चहा दिला," ती म्हणाली. "त्याने दोनदा मागितला."

उस्ताद पुन्हा रस्त्यावर आला तेव्हा ठेकेदार पोहोचला होता. त्याच्या कपड्यांवर धुरळ्याचा कण नव्हता. तो काठीवाल्याला टेप धरायला सांगत होता, आणि टेप होती पडलेल्या भिंतीच्या पलीकडे, जिथे सकाळपर्यंत खोली होती तिथपासून हौदापर्यंत.

"वाईट झालं, उस्ताद," तो टेपवरची नजर न काढता म्हणाला. "पण होतं असं. वयाप्रमाणे अंदाज चुकतो. आता निदान पुढच्या दोन ओझ्यांना जागा झाली."

काठीवाल्याने मान खाली घातली.

उस्तादने भावाला बाजूला घेतलं, ओझ्याच्या आड, चाकांच्या सावलीत. "मशीन का नेलंस?"

"धुरळा..."

"मला सांग. मी तुला लहानाचा मोठा केलाय, मला धुरळा सांगू नकोस."

धाकट्याच्या गळ्यातला डबा वरखाली होत होता. त्याने चाकाच्या नटाकडे बघितलं. मग म्हणाला, "आत माणूस नव्हतं, दादा. बघून केलं मी. तिचं एक बटण हरवू दिलं नाही."

उस्तादला वाटलं होतं की हे ऐकल्यावर आपला हात उठेल. तो उठला नाही. हात होता तिथेच राहिला, दुसऱ्याचा असल्यासारखा.

"त्याने काय देऊ केलं?"

"सीट." एकदा तोंड फुटल्यावर धाकटा थांबेना. "नवीन ट्रक येतोय. तो मला देणार. तुला तर तो या कामानंतर काढणारच होता, डोळ्यांचं निमित्त करून. सगळ्यांसमोर पाटी वाचायला लावली, तुला कळलं नाही? मग मी काय करायचं? दुसऱ्याच्या मागे चालायचं? तू पुढे बसतोस, तुला वारा लागतो, तुला उस्ताद म्हणतात. मी वर्षानुवर्षं मागून धूर खात चालतोय. शेपूट म्हणतात मला. तू सुद्धा हसतोस."

"मला म्हणायचं होतंस. मी उतरलो असतो."

"तू? तू नसतास उतरलास."

उस्तादने विचार केला. खरं सांगायचं तर त्यालाही ठाऊक नव्हतं. "नसतो उतरलो कदाचित," तो म्हणाला. "पण विचारायचं होतंस. आणि तिची काय चूक होती?"

तेवढ्यात वहिनी कोपऱ्यावर आली. तिने सगळं ऐकलं की नुसतं दोघांची तोंडं पाहिली, कळायला मार्ग नव्हता.

"वहिनी," धाकटा म्हणाला.

"मशीन वाचवलंस," ती म्हणाली. "उपकार झाले तुझे." आणि ती ढिगाकडे वळली, वाकली, एक अख्खी वीट उचलून बाजूला ठेवली. मग दुसरी.

ऊन चढत होतं. ओझं मोडीत अर्धवट अडकलेलं, गावाचा रस्ता दोन्हीकडून बंद. मागे मोटारी भोंगे वाजवत होत्या. डांबर मऊ व्हायला लागलं म्हणजे चाकं रुतणार आणि मग ते संध्याकाळपर्यंत हलणार नव्हतं. ठेकेदार घड्याळ बघत ओरडला, "उस्ताद, काय ते घरचं घरी. आधी हे बाहेर काढा."

उस्तादने भावासमोर हात पसरला. "डबा दे."

"काय?"

"डबा दे, शिटी दे. तू पुढे जा. सीट पाहिजे होती ना? जा, बस. मी मागे राहतो."

धाकट्याने ठेकेदाराकडे पाहिलं. ठेकेदाराने खांदे उडवले. "बसू दे की. नाहीतरी बसायचंच आहे."

धाकट्याने पट्टा डोक्यावरून काढला. तो घामाने भिजला होता. उस्तादने तो आपल्या गळ्यात घातला, शिटी सदऱ्याला पुसली आणि तोंडात धरली. धाकटा चालत ट्रककडे गेला. चढताना त्याचा पाय पायरीवरून एकदा घसरला. दार लागलं.

आता उस्ताद मागे होता. इथून ट्रक दिसतच नव्हता, नुसती ओझ्याची भिंत दिसत होती आणि तिच्या पार पलीकडे ट्रकच्या कडेला एक आरसा. मिटलेला. उस्तादला पहिल्यांदा कळलं की इथे किती धूर येतो. डोळे झोंबले. पायाजवळ त्याच्या घराचा ढीग होता, आणि दुसऱ्या बाजूला, हातभर अंतरावर, हौदाचा पोकळ काठ. दांडा बोटभर चुकीच्या बाजूला घातला असता, दोन शिट्या दिल्या असत्या, तर ओझं, ट्रक, सगळं पाण्यात गेलं असतं. ठेकेदाराचं काम गेलं असतं. आणि चालवणारा कोण होता, हे सगळ्या गावाने पाहिलं असतं.

त्याने शिटी फुंकली. दोन तुटक. चल.

ट्रक हलला नाही.

त्याने पुन्हा फुंकली. पलीकडचा आरसा हळूच उघडला. त्यात डोळे दिसावेत इतका तो जवळ नव्हता, पण उघडलेला दिसला. मग ट्रक एक हात सरकला आणि थांबला. पुन्हा आरसा किंचित फिरला. पुन्हा एक हात. वळण वाकडं पडायला लागलं, कारण पुढचा मागे बघून चालवत होता आणि समोरचं त्याच्या हातून सुटत होतं. काठीवाला घाबरून ओरडला, "अरे, शिटीवर चालव, शिटीवर!" हौदावरचा म्हातारा कपाळाला हात लावून बसला.

उस्तादने घाई केली नाही. पोराला सायकल शिकवताना मागून धरतात तशा त्याने शिट्या दिल्या. चल. थांब. चल. जिथे पुढचा चुकत होता तिथे मागून चाकं फिरवून ती चूक भरून काढली. शेपूट आधी ढिगापासून सुटलं, मग हौदाच्या काठावरून चार बोटं सोडून गेलं. एक दगडही पाण्यात पडला नाही. खरे शब्द देत देत त्याने ते सगळं धूड मोडीतून बाहेर काढलं आणि पुढच्या सरळ रस्त्याला लावलं. लोकांनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. ठेकेदार म्हणाला, "शाब्बास!" ते कुणाला म्हणाला ते त्याने सांगितलं नाही.

शेवटचं घर मागे पडल्यावर उस्तादने लांब शिटी दिली. ओझं थांबलं.

त्याने पट्टा डोक्यावरून काढला. डबा ट्रेलरच्या कडेवर नीट ठेवला, उन्हाने तापू नये म्हणून ताडपत्रीच्या सावलीत. शिटी त्याच्यावर ठेवली. आणि तो मागे वळून चालायला लागला.

"उस्ताद!" ठेकेदार म्हणाला. "अहो, कुठे? अजून वीजघर लांब आहे."

तो थांबला नाही. ठेकेदार थोडा वेळ बरोबर चालला, मग मागे राहिला.

घराजवळ आला तेव्हा वहिनीने विटांचे दोन ढीग केले होते, अख्ख्या एकीकडे, तुकडे दुसरीकडे. ती काही विचारायच्या आत तो तिच्या शेजारी उकिडवा बसला, एक करणी घेतली आणि विटेला चिकटलेला जुना चुना खरवडून काढायला लागला. वीट साफ झाली की ती पुन्हा लागते.

रस्त्याच्या टोकाकडून हॉर्न वाजला. मोठा, ट्रकचा. दोघांनी मान वर केली नाही. थोड्या वेळाने पुन्हा वाजला.

"कुणाला बोलावतोय?" तिने विचारलं.

"मागच्याला. पुढे जाऊ का म्हणून विचारतोय."

"मग जाऊ दे की. रस्ता सरळ तर आहे."

"मागून कुणी सांगितल्याशिवाय कसा जाईल?"

हॉर्न तिसऱ्यांदा वाजला, आणि या वेळी तो बराच वेळ थांबलाच नाही. उस्तादने हातातली वीट पालथी घातली, तिची दुसरी बाजू खरवडली आणि साफ झालेल्यांच्या ओळीत लावली. वहिनीने पुढची वीट त्याच्या हातात दिली.